नोंद झाली, धन्यवाद

“मग यात माझी चूक कुठं आली, उस्ताद?”

श्रेणिकनं प्रश्न उभ्याउभ्याच टाकला. पायांतले बूट काढले नव्हते, खांद्यावरची लॅपटॉपची पिशवीही उतरवली नव्हती.

उस्ताद दर्ग्याच्या पायरीवरचा गाळ फावड्यानं खरवडत होते. पूर ओसरून आठवडा झाला होता, तरी दगडांच्या सांध्यांतून काळा चिखल निघतच होता. त्याला कुजका वास येत होता.

“बूट काढ,” ते म्हणाले. “मग बोल.”

त्यांचं नाव याकूब मुल्ला. तालुक्याच्या गावी पोरांना प्रोग्रॅम लिहायला शिकवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. आता खोकला जडला होता, नजर अधू झाली होती. दुपारी ते दर्ग्याच्या ओवरीत बसत आणि ज्याचं काही अडलं असेल तो लॅपटॉप घेऊन तिथं येई. फी नव्हती, पण लाडही नव्हते.

त्यांची रीत एकच. प्रोग्रॅम अडला, पडद्यावर लाल अक्षरांत एरर आली, की ती आधी मोठ्यानं वाचायची. सगळी, एकही शब्द न गाळता. निम्म्या पोरांची अडचण तिथंच सुटे, कारण निम्मी पोरं एरर वाचतच नाहीत. ती खिडकी बंद करतात आणि वाटेल ते बदलत सुटतात.

पोरं चेष्टेनं या रितीला पारायण म्हणत.

श्रेणिक मगदूमला पारायणाचा तिटकारा होता. पोरगा हुशार. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच लवकर कळलं होतं, आणि सांगायला आसपास माणसंही भरपूर होती.

त्यानं बूट काढले.

“सांग आता.”

“तुम्हाला सगळं ठाऊक आहे.”

“मला ऐकीव ठाऊक आहे. तू सांग.”

श्रेणिकनं सांगितलं. नदीच्या वरच्या अंगाला नांदवड्याचा पूल आहे. पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा आहेत. अंगणवाडीची मदतनीस शालन रोज संध्याकाळी पुलावर जायची, पाणी किती फुटांवर आहे ते बघायची आणि मोबाइलवरून तो आकडा भरायची. आकडा धोक्याच्या खुणेवर गेला की खालच्या वडगोळी गावात भोंगा वाजायचा. ही सगळी जोडणी श्रेणिकच्या प्रोग्रॅमची. नदीकाठच्या गावांच्या समितीनं त्याबद्दल त्याचा सत्कार केला होता, शाल-श्रीफळ देऊन.

गेल्या आठवड्यात पाणी आलं आणि भोंगा वाजला नाही.

वडगोळीची कुंभारगल्ली नदीला लागून आहे. माणसं पाण्याच्या आवाजानं जागी झाली आणि मिळेल त्या वाटेनं पळाली. रंगूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांची सून गौरा पोरांना देवळाच्या कट्ट्यावर सोडून सासूला आणायला परत आत गेली.

दोघी दुसऱ्या दिवशी एकाच खोलीत सापडल्या.

हे सांगताना श्रेणिकचा आवाज नेहमीसारखाच होता. त्यानं तो मुद्दाम तसा ठेवला होता.

“भोंगा का वाजला नाही?” उस्तादांनी विचारलं.

“शालनताईंनी शून्य भरलं म्हणून. पडद्यावर शून्य आहे. त्या दिवशीही आणि आधीचे काही दिवसही. पुलावर गेल्याच नसणार. घरात बसून शून्य टाकलं आणि झाल्या मोकळ्या.”

“भर श्रावणात नदी शून्य फूट.”

“हो.”

“तुला नवल वाटलं नाही?”

“मी काय रोज बघत बसतो का? प्रोग्रॅम नीट चालला होता.”

फावड्याला चिकटलेला चिखल उस्तादांनी पायरीच्या कडेला पुसला.

“ताकाला आलास तर भांडं लपवू नको,” ते म्हणाले. “काय पाहिजे?”

श्रेणिक बसला. पिशवी मांडीवर घेतली.

“समितीला बाहेरच्या जाणत्या माणसाचा शब्द हवाय. तुम्ही प्रोग्रॅम बघितला आणि तो चोख आहे, एवढंच तुम्ही म्हणायचं. आप्पांनीच तुमचं नाव काढलं.”

आप्पा म्हणजे बाबगोंडा पाटील, समितीचे अध्यक्ष. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. आपल्या माणसाला कधी उघड्यावर पडू न देणारा.

“आणि शालन?”

“तिला कामावरून काढतील.”

“एवढंच?”

“गौराच्या भावानं पोलिसांत तक्रार दिलीय…”

श्रेणिकनं वाक्य तिथंच सोडलं.

उस्ताद फावडं भिंतीला टेकवून ओवरीत आले. भिंतीशी टेकून बसले आणि त्यांनी पाटाकडं बोट दाखवलं. श्रेणिकनं पाटावर लॅपटॉप उघडला.

“वाच,” उस्ताद म्हणाले.

“काय वाचू?”

“एरर.”

श्रेणिक हसला. या दुपारी पहिल्यांदाच.

“एररच नाही, उस्ताद. तेच तर सांगतोय. वर्ष झालं लावून, एकदाही आली नाही.”

“एकदाही?”

“एकदाही.”

“माणसं भरतात, फोनवरून भरतात, रेंज जाते, बोट चुकतं… आणि एकदाही नाही.”

“नाही.”

“मला भीती वाटते,” उस्ताद म्हणाले.

श्रेणिकला ते आवडलं नाही. तो शाबासकीच्या आशेनं आला होता असं नाही, पण या ओवरीत आपला प्रोग्रॅम कुणाला भीती घालेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“भर,” उस्ताद म्हणाले. “तिनं भरलं तसं.”

श्रेणिकनं आकड्याच्या चौकटीत 42 टाकलं. पडद्यावर अक्षरं आली, नोंद झाली, धन्यवाद. खाली पातळी दिसली, बेचाळीस फूट. लाल पट्टी लागली. हा भोंग्याचा इशारा; खरा भोंगा त्यानं चाचणीपुरता तोडून ठेवला होता.

“बघा. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?”

“ती असंच भरते?”

“आकडा म्हणजे आकडा, उस्ताद. त्याला असं आणि तसं काय असतं?”

“तिला विचारलंस?”

श्रेणिकनं चौकटीतलं 42 पुसलं.

“फोन लाव तिला.”

“मी नाही लावणार. वकिलानं सांगितलंय की…”

“मग नंबर दे.”

त्याला द्यावा लागला. उस्तादांनी आपल्या फोनवरून लावला आणि पाटावर ठेवला. बराच वेळ वाजल्यावर शालननं उचलला. मागं कुणीतरी बाई मोठमोठ्यानं बोलत होती, ती थांबली.

“मुल्ला बोलतोय, शालन. दर्ग्यातला.”

“उस्ताद… बोला की.”

“त्या दिवशी किती भरलंस?”

“बेचाळीस.” तिनं क्षणही घेतला नाही. “बेचाळीस भरलं हुतं वो. समद्यास्नी सांगून थकले. कुणी ऐकंना झालंय. आदल्या दिशी एकतीस भरलं. त्येच्या आदी सव्वीस. पुलावर ग्येले हुते मी, वाऱ्यानं उभं ऱ्हाता येत नव्हतं.”

“भरल्यावर फोनवर काय आलं?”

“नोंद झाली, धन्यवाद. रोज येतंय तसंच. आता धन्यवाद आलं म्हंजे पोचलं की न्हाई?”

“पोचलं असंच कुणीही समजेल.”

पलीकडं ती रडत नव्हती. रडून झालेल्या माणसाचा आवाज होता तो.

“गौरा माझ्या आत्तेभावाची लेक हुती,” ती म्हणाली. “मी तिला बुडवीन व्हय? तिच्या बाळंतपणाला हुते मी.”

श्रेणिक लॅपटॉपच्या कडेकडं बघत होता. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

“शालन,” उस्तादांनी विचारलं, “फोन कुठला हाय तुझा?”

“ल्येकीचा जुना. माझा पाण्यात पडला न्हवं का, त्या आठवड्यात. ह्यो बरा हाय. समदं मराठीत हाय ह्यात. आपुन शाळंत शिकलो तसलं आकडं उमटत्यात.”

श्रेणिकनं मान वर केली.

काय झालं असेल ते त्याला तेव्हाच दिसलं, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पण दिसणं वेगळं आणि मानणं वेगळं.

“उस्ताद,” शालन विचारत होती, “मला धरून न्हेतील काय वो?”

“नंतर फोन करतो,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी फोन श्रेणिककडं सरकवला. त्यांचाही फोन मराठीतच होता.

“भर.”

श्रेणिकनं आपल्या पानाचा पत्ता टाकला. चौकट उघडली. बोट त्यानं एकदा पँटला पुसलं. मग भरलं, ४२.

नोंद झाली, धन्यवाद.

त्यानं लॅपटॉपकडं पाहिलं. पातळी शून्य.

बाहेर पायरीवरचा उरलेला गाळ उन्हात वाळत होता.

“मराठी आकडे प्रोग्रॅमला कळत नाहीत,” श्रेणिक शेवटी म्हणाला. स्वतःशीच बोलल्यासारखं. “त्याच्या लेखी ते आकडेच नाहीत. माझ्या ध्यानातच आलं नाही… मराठी पान, मराठी सूचना, मराठी माणसं. सगळं मराठीत केलं मी. आकडे तेवढे…”

“हूं.”

“पाच मिनिटांचं काम आहे.”

तो कामाला लागला. हातात काम आलं की श्रेणिक वेगळाच होई, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तो बघण्यासारखाही असे. मराठी आकडा आला तर त्याचा इंग्रजी आकडा करून घ्यायचा, एवढ्या ओळी त्यानं लिहिल्या. उस्तादांच्या फोनवरून पुन्हा ४२ भरलं. पातळी बेचाळीस, लाल पट्टी.

“झालं.” त्यानं मोठा श्वास सोडला. “आता कसंही भरा. आता यात चूक नाही.”

उस्तादांनी फोन घेतला. डोळ्यांजवळ धरून, एका बोटानं, सावकाश काहीतरी लिहिलं आणि फोन परत दिला.

चौकटीत आकडा नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, खांब दिसत नाही.

खाली अक्षरं आली होती. नोंद झाली, धन्यवाद.

श्रेणिकला लॅपटॉपकडं बघायची गरज नव्हती, तरी त्यानं बघितलं. शून्य.

“असं कोण भरतं, उस्ताद?”

“पाणी खांबाच्या वर गेलं तर ती काय भरेल?”

श्रेणिकनं फोन पाटावर ठेवला.

“खांब बुडाला,” उस्ताद म्हणाले, “म्हणजे वडगोळीत काय?”

“…पूर.”

“आणि तुझा प्रोग्रॅम काय म्हणतो?”

“पाणी नाही म्हणतो.”

“वाच आता.”

“एरर नाहीये, उस्ताद.”

“एरर नाही. जिथं ती यायला पाहिजे होती, ती ओळ वाच. तुझी.”

श्रेणिकला ती शोधावी लागली नाही. कुठं आहे हे त्याला माहीत होतं. सगळा प्रोग्रॅम विसरला असता तरी ती ओळ तो विसरला नसता.

“आकडा कळला नाही,” तो मराठीतच वाचू लागला, “तर… शून्य धर. आणि नोंद झाली म्हणून सांग.”

“पुन्हा.”

“आकडा कळला नाही, तर शून्य धर. आणि नोंद झाली म्हणून सांग.”

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा त्याला ते वाक्य शेवटपर्यंत नेता आलं नाही. ‘शून्य धर’ पाशीच तो अडला. दर्ग्याच्या ओवरीत, पन्नास वेळा चेष्टा केलेलं ते पारायण करताना, श्रेणिक मगदूम रडला.

उस्तादांनी त्याला गप्प केलं नाही. पाणीही दिलं नाही.

“कधी लिहिलीस ती?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“उद्घाटनाच्या दिवशी.”

मग ते सगळं बाहेर आलं. मांडव होता, मोठा पडदा लावला होता, चार गावची माणसं जमली होती. आप्पांनी पहिला आकडा भरायचा होता. आप्पांनी भरला, पण चुकून चौकट रिकामीच पाठवली. पडद्यावर ढीगभर लाल अक्षरं आली. मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, नदीच्या आधी ह्याचाच बांध फुटला, आणि मांडव हसला. श्रेणिकची आई पहिल्या रांगेत बसली होती. तीही हसली, माणसांबरोबर, काय झालं ते न कळता.

चहाच्या वेळात त्यानं ती ओळ लिहिली. दुसऱ्यांदा भरलं तेव्हा पडदा स्वच्छ होता. टाळ्या पडल्या.

“त्यानंतर लाल अक्षरं कधीच आली नाहीत,” श्रेणिक म्हणाला.

“चुका यायच्या थांबल्या?”

“नाही.” तो अडखळला. “फक्त अक्षरं.”

उस्ताद खोकले. हा खोकला लांबला. खोकून झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. त्यांनाही हा पोरगा प्रिय होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत याच्यासारखा दुसरा नव्हता, आणि ही ओळ न लिहायला आपण त्याला शिकवलं नाही हे त्यांना टोचत असावं.

श्रेणिकनं बाहीनं नाक पुसलं. पडद्याकडं पाहिलं.

“ही ओळ काढायला क्षण लागेल,” तो हळू म्हणाला. “कुणी उघडून बघणार नाही. बघितलं तरी कळणार नाही.”

उस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

“माझ्या नोकरीचं ठरलंय, उस्ताद. पुण्याला. पुढच्या महिन्यात.”

उस्तादांनी फक्त खोकला दाबला.

“मी सांगून गौरा परत येणार आहे का?”

“नाही.”

“मग?”

श्रेणिकला वाटलं, उस्ताद आता काहीतरी म्हणतील. पापाचं, पुण्याचं, खुदाचं काहीतरी, ज्यावर रागावता येईल, ज्याच्याशी भांडता येईल. त्यांनी तेवढंही त्याला दिलं नाही.

श्रेणिकचा फोन वाजला. आप्पा.

त्यानं तो कानाला लावला. लावला काय आणि नाही काय, आप्पांचा आवाज ओवरीभर ऐकू येत होता.

“हां श्रेणिक, गेलास का म्हाताऱ्याकडं? बघितला का त्यानं प्रोग्रॅम?”

“बघितला, आप्पा.”

“मग झालं तर. हे बघ, मला आजच वर कळवायचंय. माणसं बसलीयात इथं, फौजदार पण आलाय. प्रोग्रॅममधी काय दोष निघाला का, एवढंच त्यांनी विचारलंय. काय सांगू?”

श्रेणिकनं ओठ उघडले.

“तू घाबरू नगंस,” आप्पा म्हणत होते, आणि ते मायेनं म्हणत होते. “तुझं नाव कुठं येऊ देत न्हाई मी. तू आपला पोरगा हाईस. तुझ्या बापाला मी शब्द दिलाय. त्या बाईचं म्हणशील तर तिनं कामात कुचराई केली, ती तिचं निस्तरंल. वड्याचं तेल वांग्यावर कशाला? बोल, काय सांगू?”

श्रेणिकच्या डोळ्यांसमोर शालन आली नाही, गौराही आली नाही. त्याला मांडव दिसला, पडदा दिसला, आणि पहिल्या रांगेत हसणारी आई दिसली. शब्द होते. कुठले, तेही ठाऊक होतं. ते वर येत नव्हते.

“हॅलो… श्रेणिक?”

लॅपटॉपवर ती ओळ अजून उघडीच होती.

“हॅलो, रेंज गेली का काय… ऐकू येतंय का रं?” आप्पांनी तिकडं कुणाला तरी थांबा म्हटलं. “बरं, तू बोलत न्हाईस, म्हंजे काय निघालं न्हाई असंच समजतो मी. काय? तसंच सांगतो ह्यास्नी. हां?”

श्रेणिकनं उस्तादांकडं पाहिलं. त्यांचे डोळे आता उघडे होते.

“बोल,” उस्ताद म्हणाले. “तो शून्य धरतोय.”